लिंटेलच्या वर एक कडी

हरिपुरात, संगमाच्या अलीकडं,
सहा प्लॉट, एक बोळ
आणि माझ्या टेबलाभोवती सहा माणसं,
आपापलं घर खिशात घडी घालून आलेली.

मगदूम अण्णांना नदी दिसायला हवी.
अंथरुणातून, उशी न हलवता.
शेजारच्या तानूबाईंना ती अजिबात नको.
"खिडकी रस्त्याकडं काढा. तिचं तोंड बघितलंय मी.
घरात येऊन बसलीती, चुलीवर."

दस्तगीरचाचांना तंबोऱ्याच्या भोपळ्यांसाठी खोली,
ऊन न लागणारी, ओल न धरणारी.
"भोपळा वाळतो तीन वर्षं,
भिजतो एका रात्रीत," एवढंच म्हणाले
आणि माझी स्टीलची पट्टी टिचकी मारून ऐकली.

बोंद्रे मास्तरांना जिना बाहेरून.
त्यांच्या सुनेला आतून.
मी दोन्ही काढले. खर्च सांगितल्यावर एकच उरला;
कुणाचा, ते सगळ्या बोळाला माहीत आहे.

जोत्यावर मात्र अडलं.
अण्णा म्हणाले, माझं चार फूट उचला, पैसे मोजतो.
निळी पेन्सिल होती, पण ते पाणी निळं नसतं,
म्हणून चहात बोट बुडवून रेघ ओढली:
हे तुमचं जोतं. इथं अडलेलं जातं कुठं?
चहा सरळ तानूबाईंच्या उंबऱ्यात शिरला.
अण्णा बराच वेळ त्या डागाकडं बघत राहिले.
"मग सगळ्यांचंच एकसारखं घ्या."
किती?
"तिच्या ऐपतीएवढं."

पाया खणताना चौथ्या प्लॉटात
जमीन पोकळ वाजली.
हळदीचं पेव. बुजवायचं राहिलेलं.
वाकून पाहिलं तर अंधार,
आणि त्या अंधाराला पिवळा वास.
पोपट गवंडी म्हणाला, मुरूम टाकतो, अर्ध्या दिवसाचं काम.
मी नकाशा मिटला, परत उघडला.
घर साडेतीन फूट मागं सरकलं,
देवघर जिन्याखाली गेलं, थोडी कुरकुर झाली.
पेवाच्या तोंडावर आता शहाबादी फरशी, कडेनं कट्टा,
दुपारी तिथं बोळ बसतो.
सांगलीत बंगल्यांचं पेव फुटलंय म्हणतात.
आमच्याकडं एक न फुटता राहिलं.

सगळ्यात शेवटी, कुणी न मागितलेली,
प्रत्येक घराला एक लोखंडी कडी काढली.
खालच्या लिंटेलच्या वर, माडीच्या खिडकीलगत,
अंगठ्याएवढी जाड, भिंतीत हातभर मुरलेली.
नकाशात तिच्यापुढं काही लिहिलं नाही.
पोपटनं विचारलं, झोपाळ्याला का?
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
ज्यांनी कधी काळी कौलावरून
नावेत पोरं उतरवली होती
त्यांनी कडी बघितली आणि दुसरीकडं बघितलं.
तानूबाईंनी फक्त ओढून पाहिली.
दोनदा.

काल गेले होते, मास्तरांच्या मोरीची गळती बघायला.
त्यांच्या कडीपासून चाचांच्या कडीपर्यंत
बोळावरून आडवी दोरी.
तिच्यावर सुनेचं पातळ, चाचांचा लेंगा,
अण्णांच्या तीन टोप्या,
आणि वारणेकडून वारा आला की
सगळे एका अंगाला.

खाली उभी राहून मी दोरीची उंची
डोळ्यांनी मोजली, सवयीनं.
पुलावरचे आकडे आठवणार, तेवढ्यात
मानेवर थेंब पडला.
गार, निळीचा.
"सरका की बाजूला," वरून तानूबाई ओरडल्या,
"पिळायला हाताला जोर राहिला नाही आता."